अर्ध्या वाटेवरची साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनानंतर साक्ष द्यायची पद्धत आहे. कोणी पुढे येऊन सांगतं, आजार कसा बरा झाला, मुलाला नोकरी कशी लागली, अडलेलं लग्न कसं जुळलं. मग सगळे मिळून उपकारस्तुती करतात. मला ते मनापासून आवडतं, माझा विश्वास त्याच साक्षींवर पोसला आहे. पण एक गोष्ट जाणवते. बोलणाऱ्याचं संकट नेहमी सरलेलं असतं. ज्याचं अजून चालूच आहे तो मागच्या बाकावर बसून ऐकतो आणि मनात म्हणतो, माझी पाळी यायची आहे.

मी सध्या त्या मागच्या बाकावर आहे, आणि माझी साक्ष मी आत्ताच देणार आहे.

ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. बरीच वर्षं रक्तदाब होता, त्यातूनच हे आलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस असतं, प्रत्येक वेळी चार तास. आधी काट्यावर उभं करतात, कारण मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते वजनावरूनच कळतं. डाव्या हातात फिस्टुला केला आहे, म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडली आहे, सुया तिथेच टोचतात. त्या जागी बोटं ठेवली की आतून एक थरथर लागते. ती लागली म्हणजे रक्त नीट वाहतंय. रोज सकाळी उठल्यावर मी आधी ती थरथर पाहते, मग आम्ही दोघं बायबलमधलं वचन वाचतो. पिण्याचं पाणी मोजून. नगरच्या उन्हाळ्यात तहानेल्या माणसाला अर्धा पेला मोजून देणं काय असतं, ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल. नारळपाणी बंद, केळी बंद. भाज्या चिरून पाण्यात भिजवायच्या, ते पाणी फेकायचं आणि मग शिजवायच्या.

सुरुवातीला मी देवाकडे मोठी उत्तरं मागत होते. पुण्याला बिऱ्हाड हलवू का? घर विकू का? मुलीची कॉलेजची पुढची दोन वर्षं कशी निभवायची? गुडघे टेकून एकेक प्रश्न त्याच्यापुढे ठेवायचे, आणि उठायचे तेव्हा एकाचंही उत्तर हातात नसायचं. अशाच एका रात्री बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचत होते. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरलेला पाहिलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देव त्याला तिथे काय देतो? पुढच्या कामाची आज्ञा नाही, समजूतसुद्धा नाही. झोप देतो. मग देवदूत शिवून उठवतो तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो आणि परत झोपतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतात, कारण वाट लांबची आहे. देवाची मंद वाणी ऐकू येते ती कितीतरी पुढे, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर. आपल्याकडे प्रवचनं बहुतेक त्या मंद वाणीवरच होतात. मला मात्र त्या दिवसापासून भाकरीचा प्रसंग जास्त जवळचा वाटतो. देव एलीयाला वाट दाखवत होताच, पण सुरुवात जेवणापासून केली.

आणि मग मला दिसायला लागलं की आम्हालाही तो जेवू घालतोय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. रुग्णालयातल्या योजनेच्या काउंटरवर बसणाऱ्या मदतनीसाने, म्हणजे आरोग्यमित्राने, रेशनकार्ड मागून घेतलं आणि कोणते कागद लागतील ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं. महिला मंडळातल्या एक मावशी बुधवारी न चुकता डबा आणतात, भाज्या कशा करायच्या ते माझ्याकडून शिकून घेऊन. पाळकसाहेब आले ते उपदेश न करता पूर्ण चार तास ह्यांच्या उशाशी बसले. शेजारच्या पलंगावरचे चाचा रमजानमध्ये ह्यांच्यासाठी दुआ करत होते, आम्हीही त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करतो. देवाचं मार्गदर्शन म्हणून मी हेच दाखवू शकते, आणि ते कमी आहे असं मला वाटत नाही.

सगळ्यात कठीण होतं ते किडनीचं. माझी द्यायची ठरली. रक्तगट जुळला. मला खात्रीच होती की देवाने दार उघडलं, इतकी की मी तसं चारचौघांत बोललेही. पुढच्या तपासण्यांत माझी तीन महिन्यांची साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्हाला दाता म्हणून घेता येणार नाही. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

त्या आठवड्यात मी नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १६वा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. प्रेषित पौलाला आसिया नावाच्या रोमी प्रांतात वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने मना केलं. बिथुनियाकडे वळला, तिथेही जाऊ दिलं नाही. हेतू चांगला, काम देवाचंच, तरी दोन दारं बंद. कसं मना केलं ते पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. त्रोवसला पोहोचल्यावर रात्री दृष्टांत झाला आणि ते मासेदोनियाला निघाले. तिथल्या फिलिप्पै शहरात नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांत लुदिया भेटली, जांभळी वस्त्रं विकणारी, थुवतीरा नगराची. थुवतीरा आसिया प्रांतातलंच! ज्या प्रांताचं दार बंद झालं होतं तिथलीच बाई समुद्रापलीकडे पहिली विश्वास ठेवते. पण मला धरून ठेवतं ते त्यानंतरचं. एवढ्या स्पष्ट मार्गदर्शनाने गेलेल्या पौलाला आणि त्याचा सोबती सीला याला त्याच शहरात फटके बसतात आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवतात. मार्ग देवाचा होता, तरी तुरुंग लागला. म्हणून ‘तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय’ असं कोणी म्हणालं, तर मी त्यांना हाच अध्याय वाचायला सांगते.

एकदा तर एका प्रार्थना सभेत सांगितलं गेलं, डायलिसिस बंद करा, फक्त विश्वास ठेवा. मी स्पष्ट नाही म्हणाले. आजाऱ्याचा जीव पणाला लावून देवाची परीक्षा पाहायला मी तयार नाही. आपला लूक स्वतः वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. ते मशीन आणि ते सांभाळणारी पोरं हे मी देवाचं देणं मानते.

पंडिता रमाबाईंची आठवण मला हल्ली फार येते. आम्ही लहानपणी दौंडमार्गे केडगावला गेलो होतो (नगरजवळचं केडगाव नव्हे, रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं). त्यांची गोष्ट आपण विजयाची म्हणून सांगतो, दुष्काळातून आणलेल्या मुली, उभं राहिलेलं मिशन. मी १९२१ सालाचा विचार करते. आईवडील, भाऊ, नवरा सगळे कधीच गेलेले, आणि जिच्या हाती काम सोपवायचं ती एकुलती एक मुलगी मनोरमा चाळिशीत गेली. रमाबाईंचं स्वतःचं शरीर थकलेलं. समोर होतं मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर. त्या तेच करत राहिल्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या आणि संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ साली. मनोरमा का गेली याचं उत्तर त्यांना मिळालं असेल असं मला वाटत नाही. पुढचं पान कुठलं, हे मात्र रोज माहीत होतं.

माझंही तसंच चाललं आहे. पुण्याचं बिऱ्हाड, घर, यांचा निर्णय अजून झालेला नाही. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी ह्यांचं नाव प्रतीक्षायादीत आहे. फोन कधी येईल सांगता येत नाही आणि तो येईल तेव्हा दुसऱ्या कुठल्या घरात रडारड चालू असेल, हे आठवलं की माझी प्रार्थना अडखळते. त्या न पाहिलेल्या घरासाठीही मी आत्तापासून प्रार्थना करते. ह्यांचा स्वतःचा विश्वास माझ्यापेक्षा शांत आहे. सुया टोचताना ते डोळे मिटून तेविसावं स्तोत्र म्हणतात, आणि नर्स पोरगीला आता ते निम्मंशिम्मं पाठ झालं आहे.

वाचणाऱ्यांपैकी कोणी प्रार्थना करणार असाल तर दोन गोष्टी मागा. ह्यांचा फिस्टुला चांगला चालू राहू दे. आणि मुलीची परीक्षा महिन्यावर आली आहे, तिचं मन अभ्यासात लागू दे. तुमच्या घरी कोणी डायलिसिसवर असेल तर त्यांचं पहिलं नाव मला कळवा, सकाळच्या प्रार्थनेत घेईन. योजनेच्या कागदांबद्दल काही विचारायचं असेल तर तेही विचारा, आरोग्यमित्राची ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.