तुम्ही विचारलंत म्हणून: खरखरीत काय ऐकता?

आर्वीच्या बाजारात चहा घेताना एकदा तरी हा प्रश्न येतोच. "भाऊ, मोबाइलात सारं जग हाय, अन् तुमी रातभर त्या डब्ब्यातली खरखर काहून ऐकता?" चोरटी रेडिओ केंद्रं ऐकतो म्हटलं, की समोरचा आवाज खाली घेतो. "पाकिस्तानची का?" नाही बाप्पा. बहुतेक वेळा हॉलंडची.

हे चोर कोण, ते आधी सांगतो. १९६४ साली रेडिओ कॅरोलाइन नावाचं केंद्र इंग्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, सरकारी हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून गाणी वाजवू लागलं. त्याआधी हॉलंडच्या किनाऱ्यावर रेडिओ व्हेरोनिका होतंच. ब्रिटनने १९६७ मध्ये आणि हॉलंडने १९७४ मध्ये कायदे करून या जहाजांची कोंडी केली. पण ज्यांना माइकपुढे बसायची खाज होती ते घरी, माळ्यावर, गोठ्यात स्वतःचे ट्रान्समीटर जोडत राहिले. त्यातले काही शॉर्टवेव्हवर येतात, ६२०० ते ६४०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आणि बहुतेक शनिवार-रविवारी. सोमवारी त्यांनाही कामावर जायचं असतं. काहींचे ट्रान्समीटर अजून ८०७ सारख्या जुन्या व्हॉल्व्हवर चालतात. माझी तीन एचपीची मोटर सव्वादोन हजार वॉटची. हे लोक शंभर-दोनशे वॉटमध्ये, कधी त्याहूनही कमी ताकदीत, गाणं आभाळात फेकतात. परवान्याशिवाय प्रक्षेपण तिथेही गुन्हा, आपल्याकडेही. मी फक्त ऐकतो. स्वतः बोलायची हौस असेल त्यांनी सरळ हॅमची, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्याची, परीक्षा द्यावी, व्हीयू ने सुरू होणारी स्वतःची संज्ञा मिळते.

आता एवढीशी ताकद विदर्भात पोचते कशी? दिवसा पोचतच नाही. वातावरणातला खालचा एक थर या लहरी गिळून टाकतो. सूर्य गेला की तो थर विरतो, आणि वरच्या थरावर आपटून लहर जमिनीकडे परतते, पुन्हा वर जाते, अशा उड्या मारत येते. तिकडे शनिवारची रात्र रंगात असते तेव्हा आपल्याकडे रविवारची पहाट होत आलेली असते, तीन-साडेतीनचा सुमार. त्या वेळी कोण जागं असतं? ज्याला हरभऱ्याचं ओलित करायचं आहे तो. थ्री फेज रात्रीचीच मिळते, तीही केव्हा येईल याचा नेम नाही. स्टार्टरजवळ शेकोटी करून बसायचं नि वाट पाहायची. माझा छंद खरं तर त्या वाट पाहण्यातून सुरू झाला. वडिलांचा फिलिप्सचा ट्रान्झिस्टर होता. त्यावर ते नागपूर केंद्र सोडून काट्याला हात लावू देत नसत. ते गेल्यावर काटा माझ्या ताब्यात आला.

एक गोष्ट मी गावात उघड बोलत नाही. लाइट गेली की मला बरं वाटतं. एलईडी बल्ब, मोबाइलचे स्वस्त चार्जर, सगळे या पट्ट्यात घाण करतात. भारनियमन झालं की गाव काळोखात जातं आणि रेडिओ एकदम स्वच्छ होतो. स्वच्छ म्हणजे काय, आभाळाची स्वतःची सळसळ तेवढी उरते. पण झटका मशीन तेव्हाही चालू असते, कारण ती बॅटरीवर. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून धुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधाने, तार ओढलेली. सेकंदाला एक झटका, रेडिओत सेकंदाला एक टक्. बंद करावी म्हटलं तर सकाळी हरभरा उकरलेला दिसणार.

अँटेनाचं म्हणाल तर पहिली तार घराच्या छतापासून कडुनिंबापर्यंत बांधली. हिशोब सोपा आहे. १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. ६.३ मेगाहर्ट्झला २२.७ मीटर येतात, त्याचे मधोमध दोन तुकडे आणि मध्यातून टीव्हीची केबल खाली. तार मोटर वाइंडिंगच्या दुकानातून, जळालेल्या मोटरची. इन्सुलेटर म्हणून ठिबकच्या नळीचे तुकडे. तिसऱ्या दिवशी बायकोने त्यावर गोधडी वाळत घातली. ("एवढी मोठी तार रिकामी काहून ठेवली?") पाचव्या दिवशी वानरांनी झोका घेतला. पुन्हा बांधली, पण खरा घोटाळा उंचीचा होता. दुरून येणारी लहर क्षितिजालगतच्या कोनातून येते. ती नीट धरायला ही तार वीस-बावीस मीटर तरी उंच हवी. माझा कडुनिंब फार तर आठ मीटर. तशी तार सरळ डोक्यावरचं आभाळ ऐकत बसते, म्हणजे आजूबाजूच्या राज्यातला कडकडाट.

मग वाचनात बेव्हरेज अँटेना आली. चहा-कॉफीशी संबंध नाही, हॅरल्ड बेव्हरेज नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. १९२१ च्या डिसेंबरात पॉल गॉडली नावाच्या अमेरिकन माणसाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांचे संदेश पकडले, ते याच तारेवर. हिला उंची लागतच नाही, लांबी लागते. ज्या दिशेचं ऐकायचं त्या दिशेला जमिनीलगत शेदीडशे मीटर तार ताणायची. पलीकडच्या टोकाला साधारण ४७० ओहमचा रेझिस्टर लावून ते जमिनीत गाडायचं. शहरातल्या माणसाने हे कुठे करावं? माझा एक धुरा नेमका वायव्येला जातो आणि युरोपही तिकडेच आहे. बांबूच्या खुंट्या रोवल्या आणि कंबरेच्या उंचीवर, झटक्याच्या तारेपासून जमेल तितकी लांब, १५० मीटर तार ओढली. अर्थिंगला जुनी सब्बल ठोकली. रेडिओच्या बाजूला, तारेचा रेडिओशी मेळ बसावा म्हणून, जुन्या मॉनिटरच्या केबलवरच्या फेराइटच्या गोळ्यावर तीन तारा एकत्र पिळून नऊ वेढे दिले. गंमत अशी, की ही अँटेना हलक्या, मुरमाड जमिनीवर जास्त चांगली चालते. माझी काळी भारी जमीन, त्यात ओलित झालेलं. ज्या जमिनीचा बाप अभिमान बाळगायचा ती तारेला नडते.

तरी पहिल्याच हिवाळ्यात एका पहाटे ६.३ च्या आसपास अ‍ॅकॉर्डियन वाजलं. बुडालं. पुन्हा वर आलं. एक माणूस डच भाषेत बोलला, मग मोडक्या इंग्रजीत ई-मेलचा पत्ता, दोनदा. मी तो पत्ता स्टार्टरच्या डब्ब्यावर खिळ्याने कोरला, कारण पेन घरी. खात्री करायला मोबाइलवर हॉलंडच्या ट्वेंटे विद्यापीठात ठेवलेला, इंटरनेटवरून कुणालाही काटा फिरवता येणारा रेडिओ उघडला. तेच गाणं, थोडं मागे, काचेसारखं स्वच्छ. इथे तुम्ही म्हणाल, मग तिथेच ऐका ना! लगेच बंद केलं मी ते. तिथे ऐकण्यात माझ्या तारेचा काय संबंध? माझ्याकडचं गाणं चाळणीतून गाळल्यासारखं होतं, पण ते माझ्या धुऱ्यावरून आलं होतं. चार-पाच मिनिटं टिकलं, आणि लाइट आली. मोटर सुरू करायला उठावं लागलं.

बहुतेक रात्री काहीच लागत नाही, हेही सांगून टाकतो. दोन हिवाळ्यांत नाव-गाव कळलेली तीन केंद्रं, बस.

त्या माणसाला मी रिपोर्ट पाठवला. वेळ, फ्रिक्वेन्सी, आवाजाचे गुण आणि दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. आठवड्याने उत्तर आलं. भारतातून आलेला हा त्याचा पहिलाच रिपोर्ट होता. रेकॉर्डिंगमधला टक्-टक् आवाज त्याने लगेच ओळखला. त्याच्या शेजाऱ्याच्या गाईंचं कुंपण असंच वाजतं म्हणे. त्याने विचारलं होतं, तुमच्याकडे गाई किती?

मी कळवलं, गाई नाहीत, डुकरं आहेत, आणि ती माझी नाहीत.