‘येतो’ या शब्दाची उलटतपासणी

आमच्या तात्यांना कोर्टाच्या कादंबऱ्यांचे वेड आहे. शनिवारी बेळगावच्या बाजाराला गेले म्हणजे येताना ते वाचनालयातून दोन पुस्तके घेऊन येतात. त्यांपैकी एक काकूंना दाखवण्यासाठी असते, बहुधा एखादे संतचरित्र. दुसरे स्वतःसाठी, ज्याच्या वेष्टनावर काळा कोट, तराजू आणि कोपऱ्यात रक्ताचे दोन थेंब हटकून असतात. संतचरित्र पुढच्या शनिवारी न उघडता परत जाते. मीही त्यांच्याच सोप्यात, त्यांनी उपडे घालून ठेवलेले पुस्तक ते परसात गेले की उचलून वाचत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे नाव त्यांचे घेतले तरी हा कबुलीजबाब माझाही आहे.

या कादंबऱ्यांत अखेर न्याय होतो म्हणून त्या आवडतात, असे पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. न्याय पोलिसी कथेतही होतो, पुराणातही होतो, आणि मारधाडीच्या सिनेमात तर तो मध्यंतरानंतर लगेच सुरू होतो. कोर्टाच्या गोष्टीत जे खास मिळते, ते म्हणजे उत्तर दिल्यावाचून सुटका नसलेला माणूस. एरवीच्या व्यवहारात आपल्याला सरळ उत्तर कोण देतो? उसने पैसे कधी देणार म्हणून विचारले तर ‘बघू’. मुलीच्या स्थळाचे काय झाले म्हणून विचारले तर ‘कळवतो’. आणि आमच्या बेळगावकडे ‘काय की’ हे दोन शब्द तर असे आहेत की त्यांच्या आड अख्खे गाव लपू शकते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ‘काय की’ फार वेळ टिकत नाही. तेथे एक जण विचारतो, दुसऱ्याला सांगावे लागते, आणि सांगितलेले तिसरा लिहून घेतो. तीनशे पानांच्या पुस्तकात आपण ज्या क्षणाची वाट पाहत असतो, तो निकालाचा नसतोच. वकील हातातील कागद खाली ठेवतो आणि आवाज जराही न चढवता ‘आता एकच विचारतो’ असे म्हणतो, तो असतो. त्यानंतरचा निकाल मी पुष्कळदा वाचतही नाही, आणि तात्या तर शेवटचे प्रकरण डुलक्या घेतच संपवतात.

पेरी मेसन या वकिलाच्या कथा लिहिणारे अर्ल स्टॅन्ले गार्डनर हे स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेले गृहस्थ होते. मेसनची पहिली कादंबरी १९३३ मध्ये आली आणि पुढे त्यांनी ऐंशीहून अधिक लिहिल्या. खरा गुन्हेगार भर कोर्टात प्रश्नांनी कोंडला जाऊन स्वतःच बोलून बसतो, हा त्यांचा हातखंडा. प्रत्यक्षात असे सहसा घडत नाही, हे इतकी कोर्टे पाहिलेल्या माणसाला ठाऊक नसेल असे म्हणवत नाही; परंतु प्रश्नाचे फळ वाचकाला डोळ्यांदेखत झाडावरून पडलेले हवे असते, हे त्यांनी त्याहूनही चांगले ओळखले होते. त्यातून तिकडे ज्यूरी असते. बारा सामान्य माणसांची मने जिंकायची म्हटल्यावर प्रश्नाला थोडे नाटकाचे अंग येणारच.

ज्यूरी आपल्याकडेही होती. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने त्या नौदल अधिकाऱ्याला खुनाच्या आरोपातून आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते मान्य झाले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्यूरीची पद्धत पुढे आपल्याकडून उठली. तेव्हापासून आपल्या वकिलापुढे श्रोता एकच, आणि तोही मान खाली घालून लिहिणारा किंवा टंकलेखकाला मजकूर सांगणारा. अशा श्रोत्यापुढे कोण हातवारे करील?

खऱ्या कोर्टात गेलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो आवाजाचा. तेथे कोणी लाकडी हातोडा आपटत नाही, कारण आपल्या न्यायाधीशांजवळ तो नसतोच. गीतेवर हात ठेवण्याचा प्रकारही सिनेमातला; १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणे ईश्वराला स्मरून किंवा प्रतिज्ञेवर खरे सांगेन असे म्हटले की काम भागते. पंखा, पायांचे आवाज, दारातून शिपायाने केलेला पुकारा, आणि ‘वेळ मिळावा’ हे तीन-चार सुरांत म्हटले जाणारे पालुपद. वेळेचे म्हणाल, तर सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा २००४ चा मूळ दावा क्रमांक ४ सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तो दाखल झाला त्या वर्षी जन्मलेली आमच्याकडची मुले आता मतदान करतात. ज्या मुलखात ‘तारीख’ हा शब्द पंचांगाहून कोर्टाशी अधिक जोडलेला आहे, तेथील माणसाला तीनशे पानांत मिटणारा दावा गोड लागला तर नवल नाही. पण तो विषय मोठा आहे. मला सांगायचे आहे ते एका पायवाटेविषयी.

मलप्रभेच्या काठच्या आमच्या गावी तात्यांच्या अंगणातून मागच्या शेतांकडे जाणारी एक वाट होती. शेजारचे अण्णा तिने रोज शेताला जात आणि जाताना सोप्याकडे पाहून ‘येतो हं तात्या’ असे म्हणत. पुढे कुंपण घालण्यावरून बिनसले आणि अण्णांनी वहिवाटीच्या हक्काचा दावा लावला. वीस वर्षे उघडपणे, विनातंटा आणि हक्काने वापरलेल्या वाटेवर कायदा हक्क मान्य करतो, आणि यात ‘हक्काने’ हा शब्द कळीचा आहे. कोणी परवानगी मागून जात असेल, तर तो वीस काय, चाळीस वर्षे गेला तरी हक्क उभा राहत नाही. आमच्या वकीलसाहेबांनी नेमके हेच हेरले. अण्णा रोज ‘येतो’ म्हणत, म्हणजे रोज परवानगी मागत, असा बचाव त्यांनी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, घातला आणि मला साक्षीदार केले. तात्यांना हा मुद्दा इतका आवडला की आपण अशाच एखाद्या कादंबरीत प्रतिवादी झालो आहोत, अशा थाटात ते तालुक्याला येऊ लागले.

माझी सरतपासणी, म्हणजे आपल्याच वकिलाने प्रश्न विचारून घ्यायची साक्ष, झालीच नाही, असे म्हटले तरी चालेल. २००२ पासून दिवाणी दाव्यांत ती प्रतिज्ञापत्राने होते. वकिलांच्या कारकुनाने माझी साक्ष टंकून आणली, मला समजावून सांगितली, मी सही केली आणि कादंबरीतली निम्मी रंगत तेथेच संपली. उरली ती उलटतपासणी. स्वतःच्या साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारायला वकिलांना सहसा मुभा नसते, म्हणजे उत्तर ज्यात आधीच दडलेले आहे असा प्रश्न. विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराला मात्र असे प्रश्न खुशाल विचारता येतात. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. कोर्टाच्या कादंबरीचे सारे इंजिन या एका सवलतीवर चालते, असे माझे मत आहे.

अण्णांचे वकील वयस्क होते. त्यांनी आधी सातबारा, बांध, कुंपणाचे खांब असे अर्धा तास इकडचे तिकडचे विचारले. माझा जीव भांड्यात पडत आला होता, तेवढ्यात त्यांनी चष्मा काढला.

‘‘लग्न झाले आहे तुमचे?’’

‘‘होय.’’

‘‘सकाळी घरातून निघताना पत्नीला काय म्हणता?’’

मी ‘येतो’ म्हणालो, आणि म्हणताक्षणीच मला समजले की पायाखालची फळी सरकली आहे.

‘‘आणि ती ‘नको’ म्हणाली, तर घरीच बसता?’’

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीश कन्नड भाषक होते. मराठी त्यांना समजत होते, साक्ष मात्र कन्नडमधून नोंदली जात होती. ते टंकलेखकाकडे वळले आणि जरासे हसले, कारण त्यांच्याही घरी कोणी निघताना ‘होगि बर्तीनि’, म्हणजे जाऊन येतो, असेच म्हणत असणार. मराठीत निघताना ‘जातो’ म्हणणे अशुभ, कन्नडमध्येही तोच संकेत. आमचा अख्खा बचाव या एका संकेतावर आपटून फुटला. साक्ष इंग्रजीत उतरली असती, तर ‘मी येत आहे’ असे त्या माणसाने रोज का सांगावे, हे कोडे कदाचित आमच्या पथ्यावर पडले असते. मला वाईट वाटायला हवे होते. प्रत्यक्षात माझ्या अंगावर जो काटा आला तो शुद्ध आनंदाचा होता. इतकी वर्षे पुस्तकांत शोधलेला प्रश्न मला चक्क माझ्याविरुद्ध विचारला गेला होता! मागे वळून पाहिले तर बाकावर तात्याही, पराभवाच्या घटकेला, मान डोलावत होते.

शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना कोर्टात काय घडते, याचे मोठे उदाहरणही आमच्याच बेळगावाशी जोडलेले आहे. लोकमान्य टिळकांनी १ मे १९१६ रोजी बेळगावात स्वराज्यावर भाषण केले, त्यानंतर अहमदनगरला आणखी दोन केली, आणि या तीन भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडे चांगल्या वर्तनाच्या हमीसाठी वीस हजारांचा जातमुचलका मागितला. मराठीतून झालेली भाषणे कोर्टापुढे भाषांतरातून आली. उच्च न्यायालयात बॅरिस्टर जीना त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि सुटे शब्द न धरता भाषणे एकत्र वाचून न्यायमूर्तींनी तो हुकूम नोव्हेंबरमध्ये रद्द केला. त्याआधी १९०८ च्या खटल्यात तर टिळकांनी स्वतःच केसरीतील लेखांच्या सरकारी भाषांतरकाराला उलटतपासणीत धरले होते आणि एकेका शब्दाचा अर्थ त्याच्याकडून वदवून घेण्याचा प्रयत्न केला होता. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली ती झालीच; पण त्या खटल्याचा वृत्तान्त आजही उत्कंठेने वाचवतो, कारण त्यात प्रश्न जसेच्या तसे छापलेले आहेत.

हे मी मुद्दाम म्हणतो. माझ्या साक्षीची नक्कल हाती आली तेव्हा तिच्यात प्रश्न नव्हते. आपल्या कोर्टांत साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपाने लिहितात. प्रश्न गळतो, उत्तर तेवढे राहते, आणि तेही साक्षीदाराने स्वतःहून सांगितल्यासारखे. माझ्या नकलेत होते ते असे : ‘माझे लग्न झाले आहे हे खरे. घरातून निघताना मी पत्नीस येतो असे म्हणतो हे खरे. तिने नको म्हटल्यास मी घरी बसतो हे खरे नाही.’ आणि शेवटी, प्रत्येक उलटतपासणीच्या शेवटी असते तसे, ‘मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही.’ वाटेच्या दाव्यात हा गृहस्थ स्वतःचा संसार कशाला सांगत सुटला आहे, असे कोणालाही वाटेल. चष्मा काढल्याचा, हशा पिकल्याचा, माझ्या घशाला पडलेल्या कोरडीचा त्यात मागमूस नव्हता. कोर्टाला उत्तर हवे असते आणि वाचकाला प्रश्न. कादंबरीकार दुसरे काही न करता, गळून गेलेले प्रश्न पुन्हा जागेवर बसवतो, असे मला त्या दिवशी वाटले.

दावा पुढे लोकअदालतीत मिटला. बांधाच्या कडेने सहा फुटांची वाट अण्णांना मिळाली, कुंपण तात्यांना मिळाले, आणि आठ वर्षांचा खर्च दोघांत सारखा विभागला गेला, म्हणजे ज्याचा त्याने सोसला.

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा तात्या सोप्यात बसून काहीतरी लिहीत होते. पाहतो तर मांडीवर माझ्या साक्षीची ती नक्कल. तात्यांना कन्नड चांगले वाचता येते. समासात पेन्सिलीने, बारीक मराठी अक्षरांत, ते आठवून आठवून एकेक प्रश्न भरत होते. एका ठिकाणी मात्र अडले. वकिलांनी ‘ती नको म्हणाली तर’ असे विचारले की ‘तिने अडवले तर’, हे त्यांना नक्की आठवेना, आणि मला विचारून उपयोग नव्हता, कारण माझ्या म्हणण्याप्रमाणे पिंजऱ्यातल्या माणसाचे कान त्या वेळी कामात नसतात.

‘‘अण्णाला हाक मार,’’ तात्या म्हणाले. ‘‘तो मागच्या बाकावर होता.’’

अण्णा आले. दोघांनी शेजारी बसून साक्ष पहिल्यापासून वाचली. ‘नको म्हणाली तर’ हेच बरोबर, असे अण्णांनी ठामपणे सांगितले आणि खांबांविषयीचा एक सुटलेला प्रश्नही भरून दिला. काकूंनी चहा दिला, अंधार पडू लागला, आणि अण्णा उठले. उंबऱ्यापाशी क्षणभर घुटमळले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, ‘‘निघतो.’’