आधी लांबी जुळवा, मग खडे बघा

ढोमा किंवा घोळ माशाचं डोकं फोडलं की आत दोन टणक, पांढरे खडे मिळतात. हेच ओटोलिथ. म्हणायला कानाचं हाड, पण हाड नव्हेच. कॅल्शियम कार्बोनेटचा थरावर थर चढलेला खडा. हाड झिजतं, पुन्हा भरतं. खड्यावर एकदा चढलेला थर सहसा तसाच राहतो. मासा कुठल्या पाण्यात कसा वाढला, याची छाप खड्याच्या आकारात उतरते. म्हणूनच एकाच जातीचे वेगळे समूह ओळखायला तो कामी येतो.

कानात अशा तीन जोड्या असतात. बहुतेक समुद्री माशांत सॅजिटा सर्वांत मोठी, तीच घ्यायची. डोळ्याच्या जरा वरून आडवा काप देऊन कवटीचं झाकण उघडा आणि मेंदू अलगद उचला. त्याच्या मागच्या भागाखाली दोन्ही बाजूंना खडे सापडतात. भोवतीचा पडदा सोलून पाण्यात धुवा, वाळवून कोरड्या कुपीत ठेवा. डोकी फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) ठेवू नका. त्यातल्या आम्लाने खड्याची कड विरघळते. बांगड्याचा खडा तर नाजूक, त्याची पुढची चोच चिमट्याच्या दाबानेही तुटते. चोच तुटलेला खडा आकाराच्या मोजणीतून बाद. काचेसारखा पारदर्शक, ओबडधोबड दिसणाराही बाद, कारण त्यात कॅल्शियम कार्बोनेटच्या नेहमीच्या ॲरागोनाइट या रूपाऐवजी व्हॅटराइट या दुसऱ्या रूपाचे स्फटिक झालेले असतात.

फोटो काळ्या पार्श्वभूमीवर, सगळे सारखेच मोठे करून, खड्यावरच्या खाचेची बाजू आणि चोचेची दिशा कायम ठेवून काढा. डावा घेतला तर सगळीकडे डावाच. मग बाह्यरेषेचं फूरिये विश्लेषण करा, म्हणजे ती रेषा साध्या लहरींच्या बेरजेत मांडा. आकाराचा ९९ टक्के तपशील येईल इतके हार्मोनिक (म्हणजे अशा लहरी) पुरतात.

खरी फसगत इथून पुढे होते. समजा, मुंबईचे बांगडे २२ सेंमीचे आणि मालवणचे १७ सेंमीचे आले, तर आकडे दोन समूह झकास वेगळे करून दाखवतील, पण तो फरक नुसता लहान-मोठ्याचा असेल. मासा वाढतो तसा खड्याचा आकारही बदलतो. म्हणून नमुने घेतानाच लांबी जुळवा आणि उरलेला लांबीचा परिणाम गणितातून काढा. वय आणि हंगामही जवळचे हवेत. प्रत्येक ठिकाणचे ५०-६० मासे तरी असू द्यात. वर्गीकरण तपासताना ज्या माशाचा गट ओळखायचा, तो मासा सूत्र बसवताना बाजूला ठेवा.

एवढं करूनही फरक टिकला, तरी तो आनुवंशिकच आहे असं म्हणू नका. पाण्याचं तापमान आणि खाणं बदललं तरी आकार बदलतो. जोडीला जनुकीय तपासणी, नाहीतर खड्यातल्या स्ट्रॉन्शियम-बेरियम या धातूंचं मोजमाप घ्या. त्यासाठी, बाहेरचा धातू खड्याला लागू नये म्हणून, खडे काढताना चिमटा प्लास्टिकचाच वापरा.