नागपूरचा मे, पोरं आणि कोको: यंदाच्या सुट्टीतली प्रगती

एप्रिलचा शेवट

यंदा एक गोष्ट आधीच ठरवून टाकली. वडीचं खरं चॉकलेट उन्हाळाभर फ्रीजमधून बाहेर काढायचं नाही. कोकोआ बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि पोरांचे हात तर कायमच गरम. डार्क चॉकलेट टेम्पर करायचं, म्हणजे ते चकचकीत आणि टणक धरावं म्हणून ठराविक तापमानांतून न्यायचं, तर ४५-५० अंशांपर्यंत वितळवा, मग २७-२८ पर्यंत उतरवा, पुन्हा ३१-३२ वर आणून धरून ठेवा. स्वयंपाकघरच ३८ अंशांवर असताना ते २७ आणायचं कुठून? एसी लावून जमतं, पण मग मी थर्मामीटर धरून बसते आणि पोरं नुसती बघत राहतात. मला पोरांनी हात घातलेला हवाय. म्हणून यंदा सगळा भर कोको पावडरवर, आणि कवच लागेल तिथे कंपाउंड. कंपाउंडमध्ये कोकोआ बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते, त्यामुळे टेम्परिंगची भानगडच नाही. चव खऱ्या चॉकलेटची नाही, हे मान्य. पण पातळ कवचाला ते चालतं.

हाताखाली चौघं आहेत. भावाची दोन मुंबईहून आलीत, मोठी अकराची आणि धाकटा सहाचा. वरच्या मजल्यावरची दोघं जेवण झालं की खालीच असतात. दुपारी बारा ते पाच कोणालाही घराबाहेर सोडायची सोय नाही, त्यामुळे वेळ भरपूर.

पहिल्या दिवशी काही बनवलं नाही, फक्त कोको चाखला. एक साधा, दुसरा अल्कली लावलेला, ज्याला आपण डच कोको म्हणतो. कोकोतली चरबी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट नेदरलँड्समध्ये १८२८ साली फान हाउटेन घराण्याने घेतलं. पावडरीला अल्कली लावायची पद्धतही त्यांचीच, म्हणून ते नाव. वेष्टनावर आम्लता नियंत्रक ५०१ दिसलं तर तो पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे कोको डच. दोन वाट्यांत दूध-साखर घेऊन दोन्ही कालवले. साधा तांबूस आणि जरा आंबट, डच काळपट आणि मऊ. पोरांनी एकमताने डच निवडला आणि दुधाच्या पदार्थांसाठी माझंही मत तेच. साधा मी केळ्यासाठी ठेवला, त्याच्या आंबटपणाने पिकलेल्या केळ्याचा गोडवा सावरतो.

कोको थेट दुधात टाकला की वर तरंगतो आणि गाठी धरतो, कारण त्यात १०-१२ टक्के चरबी शिल्लक असते. आधी कोरड्या साखरेत मिसळायचा, मग दोन-तीन चमचे कोमट दूध घालून वाटीत घोटायचा. हे घोटायचं काम कायमचं धाकट्याकडे.

मेचा पहिला आठवडा: बिस्किट रोल

हा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. २०० ग्रॅम मारी बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने चुरायची, बारीक चाळणीने चाळायची. दोन मोठे चमचे कोको, दोन चमचे पिठीसाखर, लागेल तसं दूध, पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट गोळा. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटायचं, सारण पसरायचं, गुंडाळायचं, तासभर फ्रीझर, मग सुरीने चकत्या.

बदल फक्त सारणात केला. नेहमीच्या कृतीत खोबऱ्याच्या किसात लोणी असतं. इथे ताटलीत काढेपर्यंत लोणी सुटतं आणि चकत्या बसतात. त्याऐवजी एक वाटी खोबऱ्याचा कीस, दोन चमचे दूध पावडर आणि बांधण्यापुरतं कंडेन्स्ड मिल्क. वितळण्यासारखं त्यात फार काही नाही, त्यामुळे चकती आकार सोडत नाही. उन्हाळ्यापुरतं लोण्याचं सारण माझ्याकडून बाद.

मेचा दुसरा आठवडा: कुल्फी आणि तिचं कवच

या सुट्टीतलं सगळ्यात समाधान देणारं काम हेच. एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या कढईत आटवून निम्मं केलं. आटवणं माझं, पोरं गॅसपासून लांब. दुसरीकडे पोरांनी १०० ग्रॅम साखर, २० ग्रॅम डच कोको आणि चिमूटभर मीठ एकत्र करून कोमट दुधात घोटलं. ते आटलेल्या दुधात घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटं उकळू द्यायचं. हे टाळू नका. कोकोत स्टार्च असतो, तो शिजला की दूध दाटतं आणि जिभेवरचा पिठूळपणा जातो. वेलची नको, कोकोपुढे ती हरवते. जायफळ चांगलं लागतं.

साखर कमी करायचा मोह होतो, पण इथे दोन कारणं आड येतात. थंडगार पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणून कोमट मिश्रण जरा जास्तच गोड लागायला हवं. दुसरं, साखरेमुळे गोठणबिंदू खाली येतो आणि बर्फाचे खडे मोठे होत नाहीत. म्हणून पाव किलो साखर घातलीत तर साच्यात ती धड गोठणारही नाही. निम्म्या लिटर आटलेल्या दुधाला १०० ग्रॅम हा आकडा मी पक्का धरलाय.

कढई थंड करायला माठाचं पाणी परातीत घेतलं. विदर्भातली हवा कोरडी, त्यामुळे माठ जितका गार होतो तितका दमट मुंबईत होत नाही. मोठीने हे स्वतः हात लावून पाहिलं आणि मग माठातून पाणी झिरपून उडून जातं तेव्हा उष्णता घेऊन जातं, हे तिला सांगायला लागलंच नाही, तिनेच सांगितलं. साचे भरणं आणि काड्या खोचणं पोरांचं. तासभराने मिश्रण जरा धरलं की मग काडी सरळ उभी राहते.

आता कवच. २०० ग्रॅम डार्क कंपाउंडचे तुकडे, दोन मोठे चमचे खोबरेल. खोबरेल खाण्याचंच घ्यायचं, बाटलीवर ते लिहिलेलं असतं. विदर्भात आपण त्यात स्वयंपाक करत नाही, त्यामुळे घरात असतं ते डोक्याला लावायचं. वास नको असेल तर रिफाइन्ड. कंपाउंड कोरड्या भांड्यात, खाली कोमट पाण्याचं पातेलं, पाण्याचा थेंबही आत जाऊ द्यायचा नाही. थेंबभर पाण्याने सगळं चॉकलेट दगडासारखं घट्ट होतं, कारण साखरेचे कण ते पाणी शोषून एकमेकांना चिकटतात. तेल घालून ढवळलं की उंच ग्लासात ओतायचं आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं.

खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. आमच्याकडे उन्हाळाभर ते पाण्यासारखं पातळ, पण फ्रीझरमधली कुल्फी उणे १८ ची. कुल्फी साच्यातून काढून ग्लासात बुडवून वर धरली की चार-पाच आकडे मोजेपर्यंत चमक जाते आणि कवच टणक. धाकट्याने ते पहिल्यांदा पाहिलं आणि उरलेल्या सगळ्या कुल्फ्या त्यानेच बुडवल्या. शेंगदाण्याचा भरड कूट लावायचा असेल तर या चार-पाच आकड्यांच्या आतच.

एक गोष्ट कूलरवाल्या घरांसाठी. कूलरची हवा दमट असते. कवच लावलेली कुल्फी कूलरसमोर ठेवली की तिच्यावर दव धरतं, आणि परत फ्रीझरमध्ये टाकली तर त्या पाण्यात विरघळलेली साखर पांढुरकी होऊन वर येते. खायला काही बिघडत नाही, पण रूप जातं. म्हणून खायची तेवढीच बुडवायची.

मेचा तिसरा आठवडा: चायना ग्रास

मला वाटतं, आपल्याकडे या वस्तूला पुरेसा मान मिळत नाही. जेलीसारखं घट्ट धरायला वापरतात ते जिलेटिन तीस-पस्तीस अंशांतच सुटायला लागतं, म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलीत त्याचं पाणी. शिवाय ते प्राणिज. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं. एकदा घट्ट झालं की ८५ अंशांपर्यंत पुन्हा वितळत नाही. उन्हाळी पदार्थाला याहून चांगली जात कुठली?

१० ग्रॅम काड्या पाव लिटर पाण्यात अर्धा तास भिजवल्या, पूर्ण विरघळेपर्यंत उकळल्या. ७५० मिली दूध, १२० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम कोको वर सांगितल्याप्रमाणे शिजवून तयार. दोन्ही गरम असतानाच गाळून एकत्र करायचं, नाहीतर चायना ग्रास वाटेतच धरतं. ते ४० अंशांच्या खाली येऊ लागलं की घट्ट होतं, आणि इथे तर खोलीच तेवढी तापलेली. म्हणून वाट्या माठाच्या पाण्यात ठेवल्या, मग फ्रीज. पोरांनी स्टीलच्या वाट्यांतून मुदी पाडल्या. वीज गेली, फ्रीज बंद पडला, तरी मुदी उभ्या होत्या.

नवतपा

नवतपा म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. दुपारी वीज जायला लागली तशी फ्रीझरवर भिस्त ठेवणं सोडलं. स्टीलच्या छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात दूध, साय, साखर आणि शिजवून थंड केलेला कोको. तो मोठ्या डब्यात, भोवती ठेचलेला बर्फ आणि खडे मीठ, वजनाने तीनास एक. वरून टॉवेल गुंडाळून पोरांनी आळीपाळीने अंगणाच्या सावलीत लोळवला. मीठ मिसळलं की बर्फ शून्याच्या बराच खाली वितळायला लागतो, सगळं नीट जुळलं तर उणे २१ पर्यंत, आणि वितळायला लागणारी उष्णता आतल्या दुधातून ओढतो. संचातलं पॉट आईस्क्रीम याच तत्त्वावर. पाऊण तासात चमच्याने काढण्याइतकं झालं. टॉवेल विसरू नका, मिठाचा बर्फ उघड्या हाताला चटका देतो.

केळ्याचंही याच दिवसांत झालं. ठिपके पडलेल्या केळ्यांच्या चकत्या ताटलीत सुट्या गोठवून, साध्या कोकोसोबत मिक्सरमध्ये. आधी नुसता भुगा होतो आणि वाटतं काही जमत नाही. मिक्सर थांबवत, कडा खरवडत राहा, एकदम लोण्यासारखं येतं. साखर शून्य, गॅस शून्य. चारची मुलगीही करू शकेल.

श्रीखंडही केलं. चक्का फ्रीजमध्येच टांगला, बाहेर टांगला तर इथे तासाभरात आंबतो. अर्धा किलो चक्का, २५० ग्रॅम पिठीसाखर आणि २५ ग्रॅम कोको थोड्या दुधात शिजवून थंड केलेला, असं सगळं पुरणयंत्रातून. यंत्र फिरवायला भांडणं झाली. चव मात्र मोठ्यांना जास्त आवडली.

पुढे

मुंबईकर जूनच्या मध्यावर जातील, विदर्भातल्या शाळा त्यानंतर उघडतात, म्हणजे वरच्या मजल्यावरचे दोघं अजून हाताशी आहेत. मार्चमध्ये मृग बहाराच्या संत्र्यांच्या साली वाळवून ठेवल्यात, त्यांची पूड कुल्फीत घालायची आहे. आतला पांढरा भाग खरवडूनच वाळवल्या होत्या, तो कडू असतो. दुसरं, साखरेऐवजी गूळ. गरम दुधात गूळ टाकला तर दूध फाटतं, म्हणून दूध-कोको आटवून कोमट झाल्यावर गुळाचा थंड केलेला पाक घालणार. कोणी हे केलं असेल तर गुळाचं प्रमाण आणि काडीवर कुल्फी नीट धरते का, तेवढं कळवा.