अंगठा दाखव, गोल कर, बोटे फाक

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खानदेशात निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, माहेरी आलेल्या लेकी गौराईची गाणी म्हणतात आणि आमच्या अस्थिरोग विभागात कोपराजवळ हाड मोडलेली मुले येऊ लागतात. झोक्यावरून पडताना मूल हात पुढे टेकवते, सगळा भार सरळ कोपरावर येतो आणि दंडाचे हाड कोपराच्या जरा वर, जिथे ते सर्वांत पातळ असते, तिथेच मोडते. त्या जागेला लागूनच हाताला रक्त पुरवणारी मुख्य धमनी आणि महत्त्वाच्या नसा जातात, म्हणून अशा मुलाकडे मी केवळ मोडलेले हाड म्हणून कधीच पाहत नाही. तसे पाहण्याची चूक माझ्या हातून एकदा झाली आहे आणि ती सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

परिचारिका म्हणून नोकरीला लागून मला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आठ वर्षांची एक मुलगी, दुसरीकडे घट्ट प्लास्टर घालून, संध्याकाळी आमच्याकडे दाखल झाली. रात्रपाळीत मी एकटीच होते. दहा वाजता तिला वेदनाशामक दिले, एक वाजता डॉक्टरांना फोनवर विचारून पुन्हा दिले, तरी तिचे रडणे थांबेना. उशाशी बसलेली तिची मावशी म्हणाली, "रातभर निजनी नही ताई, सारखी रडी राहिनी." मी बोटे पाहिली. ती गुलाबी होती, मनगटाची नाडीही लागत होती, म्हणून केसपेपरवर 'दुखण्याची तक्रार, इंजेक्शन दिले' एवढेच लिहून मी पुढच्या पलंगाकडे गेले. सकाळी आमच्या वरिष्ठ सिस्टर आल्या, त्यांनी त्या मुलीची वाकलेली बोटे अगदी हलक्या हाताने सरळ करून पाहिली आणि ती जी किंचाळली ते मला आजही ऐकू येते. काही मिनिटांत प्लास्टर कापले गेले, त्याच सकाळी शस्त्रक्रिया झाली. हात वाचला, परंतु कित्येक महिने व्यायाम करूनही तिची दोन बोटे पूर्ण सरळ झाली नाहीत.

त्या रात्री तिच्या हातात जे घडत होते त्याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. आपले स्नायू न ताणल्या जाणाऱ्या चिवट पडद्यांच्या कप्प्यांत बसवलेले असतात. दुखापतीनंतर आत सूज वाढते, बाहेरून प्लास्टर जागा देत नाही, कप्प्यातला दाब वाढत जातो आणि स्नायूंना रक्त मिळेनासे होते. साधारण सहा तास असे राहिले तर स्नायूंचे नुकसान भरून येत नाही. पुढे ते आकसतात आणि हात पंजासारखा वळून राहतो. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या आकसलेल्या हाताचे वर्णन करताना घट्ट बांधलेल्या पट्ट्यांकडेच बोट दाखवले होते. पाठ्यपुस्तकात हे सगळे मी वाचलेले होते. मला फसवले ते नाडीने. मोठ्या धमनीतून रक्त वाहत असते तोपर्यंत नाडी लागते, बोटे गुलाबी दिसतात आणि तरीही कप्प्यातले स्नायू गुदमरत असतात. नाडी जाते ती फार उशिरा. सगळ्यांत आधी बोलते ते दुखणे: दुखापतीच्या मानाने फार जास्त, औषधाला न जुमानणारे आणि बोटे ताणली की असह्य होणारे. लहान मूल दुखते कुठे ते नीट सांगू शकत नाही. ते अस्वस्थ होते, कावरेबावरे होते आणि त्याला वेदनाशामक पुन्हा पुन्हा लागू लागते. म्हणून दुसऱ्यांदा इंजेक्शन मागितले गेले की आता मी आधी हात पाहते आणि मग औषधाच्या कपाटाकडे वळते.

तेव्हापासून नव्याने प्लास्टर घातलेल्या प्रत्येक मुलाशी मी पहिल्या दिवशी तासातासाला एक खेळ खेळते. "अंगठा दाखव", म्हणजे अंगठा वर करायचा. "गोल कर", म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांची टोके जुळवायची. "बोटे फाक", म्हणजे पंजा पसरायचा. या तीन खुणांतून हातातल्या तिन्ही मुख्य नसा चालू आहेत की नाही ते कळते, आणि मुलाला मात्र सिस्टर खेळत आहेत असेच वाटते. मग मी नख दाबते. ते पांढरे होते आणि सोडल्यावर दोन ते तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवे. दोन्ही हातांची बोटे एकदम धरून कोणता हात गार आहे ते पाहते, मुंग्या येतात का, बोट बधीर आहे का ते विचारते आणि शेवटी बोटे हळूच ताणते. शंका आली तर डॉक्टरांना त्याच क्षणी बोलावते आणि ते येईपर्यंत हात हृदयाच्या पातळीवर ठेवते. एरवी सूज उतरावी म्हणून आपण हात उशीवर उंच ठेवतो, परंतु या स्थितीत उंच ठेवल्याने रक्त आणखी कमी पोहोचते. वरची पट्टी जराशी सैल करूनही भागत नाही. आतल्या कापसासह सगळे थर त्वचा दिसेपर्यंत उघडावे लागतात.

सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या रुग्णांना आधी हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधलेल्या असतात. नातेवाइकांवर मी कधीही रागावत नाही, कारण रस्त्यापर्यंत झोळीतून यावे लागणाऱ्या माणसाने जवळ जो हात मिळाला तो धरला, यात त्याचा काय दोष? बांधणे हा गुन्हा नाही, किंबहुना मोडलेला भाग स्थिर करून आणणे योग्यच आहे. धोका असतो तो बांधल्यानंतर बोटांकडे कोणी न पाहण्यात, आणि तो धोका शहरातल्या पांढऱ्याशुभ्र प्लास्टरखालीही तेवढाच असतो.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात प्लास्टर सांभाळणे हे वेगळेच काम होऊन बसते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, प्लास्टरखाली घाम साचतो आणि खाज इतकी सुटते की मोठी माणसेही रडकुंडीला येतात. मग झाडूची काडी, पट्टी, स्वेटरची सुई, हाताला लागेल ते आत घातले जाते. आतल्या ओरखड्याची जखम होते, ती कोणाला दिसत नाही आणि प्लास्टरमधून वास येऊ लागतो तेव्हा बरेच दिवस उलटून गेलेले असतात. मी रुग्णाला वरून टिचक्या मारायला सांगते, पंख्याचा गार वारा घ्यायला सांगते आणि आत पावडर किंवा तेल अजिबात सोडू देत नाही. पक्के प्लास्टर पूर्ण वाळायला दोन ते तीन दिवस लागतात. तोवर ते तळहातांवर पेलावे, बोटांनी दाबून धरू नये, कारण ओल्या प्लास्टरवर उमटलेला बोटांचा खळगा आतून त्वचेला टोचत राहतो.

खुब्याचे हाड मोडलेल्या आजींची गोष्ट वेगळी. न्हाणीत पाय घसरतो, हाड आधीच ठिसूळ झालेले असते आणि शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी असे असताना 'जरा बघू' म्हणण्यात आठवडा जातो. या बायकांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पाण्याची. लघवीचे भांडे मागायची लाज वाटते, सुनेला त्रास नको असतो, म्हणून त्या पाणी पिणेच बंद करतात. दोन दिवसांत लघवीला जळजळ, बद्धकोष्ठता आणि मग रात्री असंबद्ध बोलणे सुरू होते, आणि घरचे म्हणतात की म्हातारीला भ्रम झाला. मी पलंगाभोवती पडदा ओढते, ठरलेल्या वेळी आपण होऊन भांडे देते, मागायची वेळच येऊ देत नाही. तेवढ्याने पेला रिकामा होऊ लागतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, दोन्ही पायांमध्ये उशी ठेवणे, टाच गादीला टेकू न देणे हे सुनेला मी स्वतःच्या हाताने करून दाखवते, कारण माकडहाडाची आणि टाचेची त्वचा लाल दिसते तेव्हाच जागे व्हावे लागते. काळी पडल्यावर महिने जातात. खुब्याचा गोळा बदललेल्या रुग्णाने खाली मांडी घालून बसू नये, उकिडवे बसू नये आणि पायावर पाय टाकू नये, हे सांगताना घरात कमोडची खुर्ची आहे का हेही विचारावे लागते. नसेल तर आमचा सगळा सल्ला पहिल्याच सकाळी निरुपयोगी ठरतो.

मोडलेले हाड ताणून ठेवण्यासाठी पायाला वजन लावलेल्या रुग्णाबाबत थोडक्यात एवढेच सांगते, की वजन अधांतरी लोंबकळले पाहिजे. भेटीला आलेल्या पाहुण्याने दया येऊन त्याच्याखाली वीट सरकवली की ताण संपतो. आणि मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला पहिल्या तीन दिवसांत अचानक धाप लागली, तो गोंधळल्यासारखा बोलू लागला किंवा छातीवर बारीक लाल ठिपके दिसले, तर हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात गेली असण्याची शक्यता धरून आम्ही तत्काळ धावतो.

जेवणाच्या बाबतीत माझे घरच्यांशी रोज बोलणे होते. पू होईल म्हणून डाळ, दही, अंडी बंद करून नुसत्या पेजेवर ठेवलेला माणूस हाड कशाच्या बळावर जोडणार? कळण्याच्या भाकरीत उडीद असतोच. ती द्या, सोबत दूध आणि घट्ट वरण द्या, आणि विडी मात्र थांबवा, कारण विडीने हाड जुळायला खरोखरच उशीर होतो.

घरी जाताना मिळणाऱ्या छापील कागदाच्या मागे मी आता हाताने लिहून देते: नख दाबा, बोटे हलवून घ्या, दुखणे वाढले तर सकाळची वाट पाहू नका. खाली वॉर्डचा फोन क्रमांक. गेल्या आखाजीनंतर यावल तालुक्यातल्या एका आईचा रात्री अडीच वाजता फोन आला. "ताई, तुम्ही सांगितले तसे नख दाबले, पांढरेच राहते आहे, आणि तो गोल करत नाही." मी त्यांना लगेच निघायला सांगितले, डॉक्टरांना उठवले आणि प्लास्टर कापायचे सामान काढून ठेवले. तासाभरात ते पोहोचले आणि त्याच खोलीत प्लास्टर त्वचेपर्यंत उघडले. बोटांचा रंग आमच्या डोळ्यांदेखत परतला. सकाळपर्यंत दर पंधरा मिनिटांनी मी त्याचा हात पाहत होते, आणि साडेसहाच्या सुमारास त्याने मी न सांगताच अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला.