पुलावरून मोजलेले स्लॅब

डिलाईल रोडचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि पुढच्याच वर्षी आम्ही पुनर्विकासासाठी चाळ खाली केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पूल पूर्ण उघडला. आमची इमारत अजून व्हायचीय, पण पुलावरून दिसते. खालून काही दिसत नाही. पालिकेने धुळीचे नियम कडक केल्यापासून उंच इमारतींभोवती ३५ फुटी पत्रा असतो. म्हणून दर रविवारी बाबा डोंबिवलीच्या भाड्याच्या घरातून निघतात, करी रोडला उतरतात, पुलावर उभे राहून स्लॅब मोजतात आणि घरी येऊन कालनिर्णयवर रेघ मारतात. गिरणीत होते तेव्हापासून हिशेब डोक्यात न ठेवता भिंतीवर ठेवायची सवय.

भाडेकरूंची विंग मागे आणि रस्त्याच्या तोंडाला विक्रीचा टॉवर, म्हणजे खाली हॉटेल, वर फ्लॅट. गेल्या पावसाळ्याआधी पुढचा टॉवर भराभर वर गेला आणि आमची विंग दहाव्या मजल्यावर अडकली. त्यातच बिल्डरकडून मिळणारा भाड्याचा चेक दोन महिने आला नाही. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच, "आधी हॉटेल उभं करतील, पैसे खिशात घालतील, आपण बसा डोंबिवलीत."

मी आधी महारेराची, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, साइट उघडली. फलकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की आर्किटेक्ट, इंजिनीअर, सीए यांचे दाखले दिसतात. खरेदीदारांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ते काढताना हे दाखले लागतात. पण तिथे सगळं विक्रीच्या टॉवरचं. आम्ही खरेदीदार नव्हे, भाडेकरू.

मग माहितीचा अधिकार. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. आयओडी, सीसी आणि नकाशांच्या प्रती मागितल्या. (आयओडी म्हणजे ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’. मुंबईत बांधकामाच्या मंजुरीचं नावच नामंजुरी आहे, हे बाबांना समजावताना मलाच हसू आलं. सीसी म्हणजे प्रत्यक्ष काम सुरू करायची परवानगी.) सीसीच्या प्रतीत उत्तर होतं. आमच्या विंगला परवानगी दहाव्या मजल्यापर्यंतच होती, पुढच्या सीसीची फाइल अजून फिरत होती. ती आल्याशिवाय अकरावा स्लॅब टाकताच येत नाही.

खरी गंमत सेक्शनच्या, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या, नकाशात निघाली. तो जमिनीवर पसरला, बाबा फूटपट्टी घेऊन गुडघ्यावर बसले. हॉटेलची लॉबी, वर बँक्वेट हॉल, एकेका मजल्याची उंची आमच्या दोन मजल्यांएवढी. त्यावर हॉटेलचे पाइप, वायरी लपवायला आणखी एक सर्व्हिस मजला. म्हणजे पुलावरून जे आमच्या बरोबरीने उंच दिसत होतं, त्यात स्लॅब आमच्या निम्मेच होते. बाबा बराच वेळ पट्टी सरकवत राहिले. मग म्हणाले, "आपण आपले स्लॅब मोजत होतो आणि त्यांची उंची."

चेकचं काम त्यामानाने सोपं निघालं. करारनाम्याच्या झेरॉक्स घेऊन आम्ही पंधराजण बिल्डरच्या ऑफिसात गेलो, आठवड्याने दोन्ही महिन्यांचे चेक एकदम आले. पण लेखी कारण विचारलं ते आजतागायत मिळालेलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून पुलापेक्षा पासबुकाकडे जास्त बघतो.

पावसाळ्यानंतर सीसी आली. साइटचा सुपरवायझर साताऱ्याकडचा, गेटवर बाबांना म्हणाला, "काका, मायवान शटरिंग आहे, एका मजल्याला दहा-बारा दिवस धरा." मायवान म्हणजे स्लॅब ओतायचे ॲल्युमिनियमचे तयार साचे. बाबांनी ते दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवले. अर्थात तेवढ्यात मजला कधीच झाला नाही, पण रेघा वाढत गेल्या.

मागच्या रविवारी ऑफिसात विचारलं, तर म्हणाले एकवीस स्लॅब झाले. बाबांच्या कालनिर्णयवर अठराच रेघा. पार्किंगच्या पोडियमचे तीन स्लॅब तेही धरतात, हे मी सांगून पाहिलं.

"पार्किंगमध्ये आपण राहणार आहोत का?" बाबा म्हणाले, आणि रेघा अठराच राहिल्या.