क्रॅशपॅड पाठीवर, बाकी सगळं खेचरावर: हमटाच्या वाटेचा माझा अनुभव

ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलंय ती आधी सांगून टाकतो. खेचरावर क्रॅशपॅड, म्हणजे बोल्डरिंग करताना (दोरीशिवाय मोठ्या धोंड्यांवर चढताना) पडलो तर लागू नये म्हणून खाली अंथरायच्या जाड गाद्या, जात नाहीत. एखाद-दुसरा जाईलही, पण सहा-आठ पॅड घेऊन लांब चालत जायचं असेल तर जड सामान जनावराला द्या आणि पॅड स्वतःच्या पाठीवर घ्या. बहुतेक जण उलटं ठरवतात, कारण पॅड दिसायला अवाढव्य, म्हणून तो खेचराकडे आणि आपल्याकडे सॅक. मनालीत फोनवर ज्याने आमचं बुकिंग घेतलं त्यानेही हेच छातीठोकपणे सांगितलं होतं, "सब हो जाएगा सर, टेन्शन मत लो."

आम्ही पाच जण होतो, आठ पॅड, सप्टेंबर महिना. मनालीजवळच्या हमटा पासच्या ट्रेकची वाट बऱ्याच जणांना माहीत असेल, जोब्राला गाडीरस्ता सोडायचा, मग चिका, ज्वारा आणि पुढे बालू का घेरा. ट्रेकवाले पास गाठायच्या नादात असतात, पण त्या दरीत वरून कोसळून आलेले मोठमोठे धोंडे पडलेत आणि बोल्डरिंग करणाऱ्याचे पाय तिथून निघत नाहीत. आता आठ पॅड कशाला असं घरच्यांनीही विचारलं. कारण तिथलं लँडिंग सपाट नसतं, खाली दगडगोटे असतात, दोन पॅडांच्या मधे फट राहिली आणि पाय नेमका तिथे गेला की घोटा गेला. जोब्राची उंची जवळपास ३,००० मीटर, चिका त्याहून थोडं वर, तिथून मोडका घोटा घेऊन खाली यायचं म्हणजे काय ते ज्याने कुणाला उचलून आणलंय त्यालाच विचारा. त्यामुळे पॅड कमी करा हा सल्ला मी कुणाला देणार नाही.

पुणे ते मनाली काही त्रास झाला नाही, त्यात जात नाही.

तर जोब्रा. सकाळी सातला खेचरं हजर असतील असं ठरलेलं. आम्ही पहाटे गाडी करून प्रिणीवरून वर, ती सगळी वळणं घेत, सेथन मागे टाकून वेळेत पोचलो. गाडीवाल्याने सामान उतरवलं आणि गेला. सात वाजले, आठ वाजले. दोन ट्रेकिंग ग्रुप आमच्या डोळ्यांदेखत आपापली खेचरं लादून निघून गेले, आम्ही आपले पॅडांच्या ढिगाशेजारी बसून. फोनची रेंज येत-जात होती, लागला तर तो माणूस म्हणणार "निकल गए सर, रास्ते में हैं". हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की नंतर आम्ही फोन करणंच सोडून दिलं. खरं सांगायचं तर थांबण्याचा राग मला तेवढा नाही, डोंगरात थांबावं लागतं. राग याचा की त्याला आम्ही पॅडचं माप पाठवलं होतं, सेंटिमीटरमधे, फोटोसकट, आणि त्याने ते ज्याला जनावरं हाकायची होती त्याला सांगितलंच नव्हतं.

साडेनऊच्या सुमारास एक चाचा तीन खेचरं घेऊन आले. वयस्कर माणूस, आल्या आल्या खेचरांना पाणी दाखवलं, मग आमच्या ढिगाकडे बघितलं आणि विचारलं, "ये क्या है?" आम्ही म्हटलं हेच न्यायचंय. त्यांनी एक पॅड उचलला, वजन बघितलं, हलका वाटला म्हणून जरा हसले, आणि मग विती टाकून तो लांबीला मोजला. तशीच वीत खेचराच्या खांद्यापासून मागच्या मांडीपर्यंत टाकली. बोलले काहीच नाहीत, फक्त मान हलवली. आमच्यातल्या एकाने लावून धरलं की एकदा बांधून तर बघू. चाचांनी बांधला, दोन्ही बाजूंना एकेक. खेचर दोन पावलं चाललं आणि पॅडची कडा पुढच्या पायाच्या खांद्यावर घासायला लागली, त्याने कान मागे टाकले आणि आडवं सरकलं, तसा दुसऱ्या बाजूचा पॅड तिथल्या दगडाला खर्रकन घासला. कव्हरवर हातभर ओरखडा. चाचांनी लगेच दोर सोडला आणि जनावराच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि ते मला शंभर टक्के पटलं. खेचरावर भार दोन्ही बाजूंना सारखा लागतो, आणि तो आटोपशीर लागतो. आमचा साधा पॅड मिटल्यावर साधारण १०० बाय ६० सेंटिमीटर, जाडी वीसेक, वजन सहा-सात किलो. आडवा बांधला तर पाय मोकळे हलत नाहीत, उभा बांधला तर पार खाली लोंबतो, आणि खोगिरावर रचून ठेवले तर मोकळ्या जागी वारा लागला की सगळं एका अंगाला कलणार. एका खेचरावर दोनच पॅड म्हणजे पन्नासेक किलो वाहणाऱ्या जनावरावर चौदा किलो, आणि भाडं पूर्ण दिवसाचं. आठ पॅडांना चार खेचरं, मग तंबू आणि रेशन कुठे ठेवणार? शिवाय पुढे झाडीतली वाट अरुंद, खेचर स्वतःच्या अंगाचा अंदाज घेऊन चालतं, बाहेर आलेल्या पॅडचा त्याला पत्ता नसतो, प्रत्येक खडकाला घासत जाणार.

आम्ही तिथेच सगळं उपसलं. सॅका रिकाम्या केल्या, तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, गॅस, डाळ-तांदूळ, कपडे, सगळं चाचांच्या हवाली. त्यांनी ते पोत्यांमधे असं काही बसवलं की दोन खेचरांवर आरामात मावलं, तिसरं जवळपास रिकामंच. आमच्याकडे राहिले पॅड, चढाईचे शूज, चॉक (हाताला लावायची पूड), पाणी, खाणं आणि रेनकोट. हे होईस्तोवर अकरा वाजले. चाचांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, उलट ते नसते तर आम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच असतो. फोनवरच्या माणसाचं मात्र अजूनही डोक्यातून जात नाही, कारण त्याने तीन खेचरांचा अॅडव्हान्स घेतला होता, आणि तिसऱ्याचे पैसे सोडवायला परत आल्यावर त्याच्या दुकानात ठाण मांडून बसावं लागलं. मिळाले शेवटी, पण चिकाटीने.

म्हणून बुकिंग करताना: जो माणूस प्रत्यक्ष येणार आहे त्याच्याशी स्वतः बोला, दर जनावरामागे आणि दिवसामागे ठरवा, परतीचा दिवस त्याच फोनवर पक्का करा, आणि फोटो पाठवायचा तर माणसाने पॅड पाठीला लावलेला पाठवा, नुसता जमिनीवर ठेवलेला पॅड फोटोत गादीएवढा की उशीएवढा काही कळत नाही.

आता पाठीवर कसे नेले. तिघांकडे दोन-दोन, दोघांकडे एक-एक, ज्यांच्याकडे एक त्यांच्याकडे पाणी आणि खाण्याची छोटी सॅक पोटावर. दोन पॅड न्यायचे असतील तर ज्याचा कमरेचा पट्टा चांगला आणि रुंद तो आत, पाठीला. दुसरा त्याच्यावर बाहेरून, त्याचे खांद्याचे पट्टे आत दुमडून, नाहीतर ते प्रत्येक झुडपात अडकतात. बांधायला बक्कलवाले लोडिंगचे पट्टे घ्या, दोन उभे आणि एक आडवा. आडवा पट्टा आम्ही सर्वांनी लावला आणि म्हणूनच एकाचाही पॅड डोलला नाही. सुतळी किंवा बंजी कॉर्ड नको, बंजी ताणते, पाऊल टाकलं की बाहेरचा पॅड अर्ध्या सेकंदाने मागे खेचतो आणि तासाभरात कंबर बोंबलायला लागते.

पॅडच्या घडीत सामान भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या आसपास. पाण्याच्या बाटल्या बाहेरच्या पॅडमधे कधीच नाही. खालून उघडी राहणारी घडी असेल तर शूज आणि चॉक आधी पिशवीत घाला आणि ती पिशवी आतल्या पट्ट्याला स्लिंगने (पट्टीच्या फासाने) अडकवा, एक शूज दरीत गेला की पुढचं सगळं बघत बसावं लागेल.

पर्वती विसरलोच. निघायच्या आधी पुण्यात आम्ही दोन-दोन पॅड लावून पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढ-उतार केल्या, लोक बघत होते, बघू देत. चढताना काही कळत नाही, उतरताना कळतं. पॅडची खालची कडा पायरीला टेकली की तो तुम्हाला पुढे ढकलतो. ती कडा गुडघ्यामागच्या वळणाच्या वर राहिलीच पाहिजे, म्हणून बाहेरचा पॅड चार बोटं वर बांधला. त्याची किंमत झाडीत मोजावी लागते, वरची कडा फांद्यांना लागते, त्यामुळे जोब्रावरून निघाल्यावरच्या जंगलात पुढच्याने "फांदी!" ओरडायचं आणि मागच्याने गुडघ्यातून वाकायचं. कमरेतून वाकलात तर पॅड डोक्यावरून पुढे येतो. लाकडी पुलावर एकावेळी एकच जण, आणि मधे थांबून फोटो काढायचे नाहीत, पाठीवर दोन पॅड असताना वारा लागला की तुम्ही शिडाची होडी होता.

जोब्रा ते चिका दोन-तीन किलोमीटर, ऐकायला काहीच नाही. पण त्या उंचीला छातीचा पट्टा आवळून बांधला तर श्वास पुरत नाही, तो सैल ठेवा आणि वजन कमरेवर घ्या. आदल्या रात्री मनालीऐवजी सेथनला झोपता आलं तर उत्तम, ते जवळपास २,७०० मीटरवर आहे, शरीराला सवय होते. ज्याच्याकडे दोन पॅड त्याने दर अर्ध्या तासाने एक-पॅडवाल्याशी अदलाबदल करायची, आणि "मी दमलो नाही" हे ऐकून घ्यायचं नाही. ट्रेकिंग पोल दोन्ही हवेत, कारण पॅड असताना मागे वळून बघता येत नाही आणि तोल गेला तर सावरायला दुसरं काही नसतं.

उशीर झाल्यामुळे त्या दिवशी आम्ही चिकालाच थांबलो. ज्वाराच्या बाजूला जाताना नाला ओलांडावा लागतो आणि बर्फाचं पाणी दुपारनंतर चढतं, सकाळी कमी असतं. पॅड घेऊन नाला ओलांडायचा तर सकाळीच, आणि पाण्यात शिरण्याआधी कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून, म्हणजे पडलात तर पॅड सोडून देता येतो. दोन पॅड घेऊन कुणीही नाला ओलांडू नये, एकेक न्यावा आणि परत यावं. आम्ही तसंच केलं, पहिल्या उन्हात, पाणी इतकं गार की पलीकडे पोचल्यावर बोटं आपली आहेत की नाहीत तेच कळेना, पण आठही पॅड कोरडे. आणि मग पहिल्या धोंड्याखाली ते आठ शेजारी शेजारी पसरले, एकही फट नाही, तेव्हा मला जो आनंद झाला तो नंतर प्रॉब्लेम टॉप केल्यावरही, म्हणजे धोंड्यावरची ठरवलेली चढाई माथ्यापर्यंत पुरी केल्यावरही, झाला नाही.

कोरडे का महत्त्वाचे, तर पॅडच्या आतला जाड मऊ फोम पाणी पितो, वरचा कडक थर पीत नाही, त्यामुळे बाहेरून कोरडा वाटलेला पॅड आतून दुप्पट जड झालेला असू शकतो आणि थंडीत तो चार दिवस वाळत नाही. प्रत्येक पॅडला मोठी प्लास्टिकची पिशवी किंवा ताडपत्रीचा तुकडा हवाच, रात्री पॅड तंबूत झोपायला वापरा, बाहेर ठेवू नका, दवानेही ओला होतो. आणि ट्रेनने जाणार असाल तर रेल्वेच्या नियमात डब्यात न्यायच्या ट्रंकेचं माप १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर दिलंय, एक मिटलेला पॅड त्यात बसतो, पण एसी थ्री टियरला हेच माप ५५ बाय ४५ बाय साडेबावीस आहे, तेव्हा स्लीपरचं तिकीट काढा, दोन पॅड एकत्र बांधून स्टेशनात शिरू नका आणि प्रत्येकाने आपला एकेक सुटा हातात धरा.